मंगळवारचं पाणी

रशीदभाई,

तुम्हाला माती दिल्यावर दोन-तीन दिवसांनी मी तुमच्या घरी जाऊन आले. इतक्या वर्षांची ओळख, पण घराचा उंबरठा ओलांडायची ती पहिलीच वेळ. बायकांच्या खोलीत सलमाभाभींच्या शेजारी बसले. त्यांनी नुसता माझा हात धरून ठेवला. तेवढ्यात तुमची सून ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन आली. बाहेर चंद्रपूरचं मे महिन्याचं ऊन होतं आणि माझा घसा कोरडा पडला होता. मी हात पुढे करणार, इतक्यात भाभी म्हणाल्या, "रहने दे बेटा. मॅडम नहीं लेते. तेरे ससुर भी कभी नहीं देते थे." सून बिचारी ओशाळली आणि ट्रे परत घेऊन गेली.

त्या दिवशी मी ते पाणी घेतलं असतं, रशीदभाई. खरंच घेतलं असतं. पण भाभी इतक्या दुःखातही तुमचा नियम सांभाळत होत्या, आणि तो नियम मुळात तुमचा नव्हता, माझा होता. तो मीच त्या खोलीत कसा मोडणार? तशीच तहानलेली घरी आले आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडले.

आपलं नातं काय म्हणून सांगायचं, हा प्रश्न मला या दिवसांत फार जणांनी विचारला. तुम्ही तोफगोळे ठेवायच्या लाकडी पेट्या करणारे. मी त्या पेट्या तपासणारी सरकारी बाई. कारखान्यात गोळा तयार होतो, तो तुमच्या पेटीत बसतो, आणि मग मालगाडीने, ट्रकने, शेवटी खेचराच्या पाठीवरून कुठल्यातरी डोंगरावर जातो. तिथल्या जवानाला तुमचं नाव माहीत नसतं, माझंही नसतं. त्याला एवढंच हवं असतं की झाकण अडकू नये, उचलायचा दोरीचा कान हातात तुटून येऊ नये आणि आतला गोळा हललेला नसावा. तुमच्या पेटीवर माझा ठप्पा बसतो तो त्याच्यासाठी. याला मैत्री म्हणत असतील तर ती होती. पण ती आपण कधी मान्य केली नाही, आणि करायचीही नव्हती.

पहिल्या मंगळवारी मी शेडवर आले तेव्हा तुम्ही खसाचं सरबत मागवलं होतं. मी पिशवीतून माझी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मी पुरवठादाराकडे पाणीसुद्धा घेत नाही." जरा जास्तच तोऱ्यात म्हटलं असणार, कारण तुमचा चेहरा पडला. दिवसभर तुम्ही माझ्याशी तुटक बोललात. मी वाळू भरलेली पेटी कोपऱ्यावर आपटायला लावली, ती तडकली, ती बाजूला काढली, तर तुम्ही पुटपुटलात, "सरबत घेतलं असतं तं नसती तडकली." मी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

मग काही महिन्यांनी तुमच्या नव्या मुकादमाने मला लस्सीचा ग्लास आणून दिला, तेव्हा तुम्हीच आडवे आलात. सगळ्या शेडसमोर त्याला म्हणालात, "मॅडमच्या हातात आपला गिलास दिसला तं आपल्या पेटीवरच्या ठप्प्याले कोन खरं मानन? घेऊन जा." त्या दिवसापासून तो नियम तुमचा झाला. माझ्याहून कडक पाळलात. शेडमध्ये कुणी नातेवाईक आला, मिठाई आली, ईदचा शीरखुर्मा आला, की आधी मला सांगायचात, "मॅडम, तिकडं पाहू नोका." आणि वर, "नोकरीतून सुटल्या का घरी या. भाभी दस्तरखान लावून बसली आहे." माझी सुटायची वेळ पुढच्या वर्षी आहे.

पण गप्प बसतील ते रशीदभाई कसले. एका उन्हाळ्यात माझी बाटली दुपारीच संपली आणि मी तशीच काम करत राहिले, हे तुमच्या डोळ्यांतून सुटलं नाही. पुढच्या मंगळवारी येऊन बघते तर फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली पाणपोई. वाळूत बसवलेले मोठे रांजण, त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं, वर तट्ट्याची सावली. तुम्ही बादली घेऊन स्वतः रांजण भरत होता.

"घ्या मॅडम," म्हणालात. "हे तं रस्त्याचं पानी आहे. ट्रकवाला पेते, माजरीच्या खदानीवर जानारा पेते, गाय येते तिच्यासाठी बाजूले टाकं ठेवलं. यात माहं काय आहे?"

"भरतं कोण?" मी विचारलं.

"मी."

"मग तुमचंच झालं."

तुम्ही बादली खाली ठेवलीत आणि हसत सुटलात. समोरचा पंक्चरवाला किसनाही हसायला लागला. मी हसले नाही, पण रस्त्यात परत जाताना हसले, हे आज सांगते.

वर्षानुवर्षं हा वाद चालला. दर मंगळवारी मी यायची, तुम्ही फाटकाशी उभे राहून रांजण भरत असायचे, आणि माझी गाडी थांबली की म्हणायचे, "आज तरी?" मी मान हलवायची. वाद पाण्याचा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. सरकार आणि धंदेवाला यांच्यात किती अंतर असावं, यावर आपण भांडत होतो. माझं म्हणणं, अंतर राहिलं तरच भरवसा राहतो. तुमचं म्हणणं, अंतर ठेवा, पण बोला तरी. "खात्याले किती पेट्या लागनार ते आमाले शेवटी समजते. लाकूड वाळायले आपला टाइम घेते मॅडम. ते टेंडर वाचत नाई." मी म्हणायची, ते माझ्या हातात नाही, वर कळवते. कळवत होते. अजूनही कळवते. याचं उत्तर तुम्हाला मिळालं नाही याची मला लाज वाटते, पण ते माझ्याजवळ नव्हतं.

पुराचं वर्ष मात्र मी विसरू शकत नाही. नदीचं पाणी शेडमध्ये शिरलं, वाळवलेल्या फळ्या तरंगत बाहेर गेल्या. तुमचं नुकसान झालं, ते तुम्ही कुणापाशी बोलला नाहीत. तुम्हाला लागलं ते दुसरंच. तिकडे कारखान्यात गोळे तयार होते आणि पेट्यांविना नुसते पडून राहिले. गुडघाभर चिखलात उभे राहून तुम्ही मला म्हणालात, "गोळा तयार, पेटी नाई. माह्या एका शेडसाठी समदं थांबलं. असं कसं चालन?" तुमचे डोळे भरले होते. मी वेगळ्याच दिशेला बघत राहिले.

त्यानंतर नागपूरला मोठी बैठक झाली. पडद्यावर चित्रं, बाण, चौकोन. साहेब लोक सांगत होते की पुरवठ्याची साखळी मजबूत करायची, सरकार आणि उद्योग यांनी हातात हात घालून चालायचं. तुम्ही मागच्या रांगेत उभे राहिलात. "साहेब, साखळी म्हनता, पन पेट्यांची कडी तं एकच आहे, ते मी. एका कडीले साखळी कोनी म्हनत नाई." सगळे हसले. तुम्ही हसला नव्हता. खाली बसता बसता पुढे म्हणालात, "दुसरी कडी मी शोधतो."

आणि शोधलीत. चामोर्शीला. धानाच्या शेतांच्या कडेला एक शेड, तिथे शेवंताबाई नावाची बाई. नवऱ्यामागे तिने बैलबंड्या आणि दारं-चौकटी करायचा त्याचा धंदा सोडला नाही. तुम्ही तिला जाऊन म्हणालात, पेट्या कर. लाकूड कसं निवडायचं, कान कसा बांधायचा, सगळं शिकवायला लागलात. मी हे ऐकलं तेव्हा भडकलेच. "तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. उद्या तिला काम गेलं तर तुमची माणसं काय खातील?" तर म्हणालात, "अन् उद्या माह्या शेडमंदी आग लागली तं तो डोंगरावरचा पोरगा काय करन?" मी म्हटलं, ठीक आहे, पण तिची पेटी मी तुमच्यासारखीच तपासेन. तुम्ही म्हणालात, "तसंच पाहिजे. जास्तच तपासा."

तिची पहिली पेटी नापास झाली. दुसरीही. झाकण फुगायचं, आत फळीला बुरशीचा वास. कारण मला कळेना, तुम्हालाही कळेना. शेवटी तुम्ही तिच्या शेडवर जाऊन आलात आणि फोनवर हसत सुटलात. पावसाळ्यात तिने लाकडावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, रचली होती! धानाच्या मुलखात जे जपायचं त्यावर तणस टाकायची, ही तिथली रीतच. तणशीने ओल धरून ठेवली आणि फळ्यांनी ती पिऊन घेतली. शेवंताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला धीर देण्यासाठी तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. तुम्ही तिला स्वतःची फजिती सांगितलीत. कूलरची. मजुरांना ऊन सोसवेना म्हणून तुम्ही शेडमध्ये मोठा कूलर बसवला होता, आणि त्याची ओली हवा थेट वाळवलेल्या फळ्यांवर जात होती. पेट्या तयार झाल्या तेव्हा अगदी घट्ट. कारखान्याच्या कोरड्या गोदामात गेल्या आणि सांधे उघडले. सगळा माल परत आला. तुम्ही सुताराला दोष देत होता, सुतार खिळ्यांना. मी कूलरसमोरच्या फळीवर हात ठेवला तर ती गारेगार. "रशीदभाई, तुम्ही लाकडाला हवा घालताय," म्हटलं. त्यावर तुम्ही कूलर नाही हलवला, लाकूड हलवलंत. "मानसाले गरमी होते मॅडम, लाकडाले नाई."

ही गोष्ट तुम्ही माझ्यासमोर शेवंताबाईला रंगवून सांगितलीत आणि मी अस्वस्थ झाले. चुकून शिकलेलं ज्ञान हीच कुठल्याही धंद्याची खरी कमाई असते, आणि तुम्ही ती प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकत होता. परतीच्या वाटेवर माझ्या गाडीत मी तसं बोललेही. तुम्ही गाडीच्या काचेतून बाहेर बघत म्हणालात, "तिनं तीच चूक केली असती तं माहा काय फायदा?" तुमचं बरोबर होतं की माझं, हे अजून माझं ठरलेलं नाही.

मग तुम्ही गेलात. तुमची शेड बंद झाली, माणसं सुतकी चेहऱ्यांनी फाटकाबाहेर बसून राहिली, मुलगा अजून कामाकडे बघायच्या अवस्थेत नाही. आणि इकडे पेट्या द्यायची तारीख तोंडावर. कारखान्यातून मला फोन आला, बाई, काय करायचं? पुरात तुम्ही ज्याला घाबरला होता, तेच आता तुमच्या जाण्याने व्हायची वेळ आली होती. उरली होती ती चामोर्शी. तिचा माल आजवर थोडाथोडा पास झाला होता, पण पूर्ण मागणी एकटीने तिने कधी दिली नव्हती.

मी मंगळवारी चामोर्शीला गेले. रस्त्यात मनात एकच विचार, पेट्या चांगल्या निघू देत. आणि लगेच स्वतःवर चिडले, कारण तपासणाऱ्या माणसाने असा विचार करायचा नसतो. शेवंताबाई शेडच्या दारात उभी होती. डोळे सुजलेले, पण पदर खोचलेला.

"भाऊ गेले ते समजलं तवा काम थांबवाव का नाई, कोनाले विचाराव समजे ना," ती म्हणाली. "मंग म्हनलं, थांबलं तं भाऊच रागावन. करून राह्यलो तसेच."

"पाहू," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखा निघाला नसावा, कारण ती जवळ आली.

"मॅडम, एक सांगू का? भाऊच्या नावानं पास करू नोका. एकदा तसं केलं तं मंग दर येळी कोनीतरी मरावं लागन."

अशी बाई तुम्ही निवडलीत, रशीदभाई. मी शेडमध्ये गेले आणि ढिगाच्या अगदी आतल्या, खालच्या पेट्या काढायला लावल्या. वाळू भरली, उचलल्या, आपटल्या. झाकणं उघडली, मिटली. नाकाने वास घेतला. तणस आता गोठ्याकडे होती आणि लाकूड उंच फळ्यांवर, हवेशीर. काही पेट्यांच्या दोरीची गाठ आतून वर आली होती, ती गोळ्याला घासली असती. मी त्या बाजूला काढल्या. शेवंताबाईचं तोंड उतरलं. तिथेच मांडी घालून बसली आणि गाठी सोडायला लागली. बाकीच्यांवर मी ठप्पा मारला. सगळ्यांत शेवटी दुरुस्त झालेल्यांवरही मारला. ट्रक भरला गेला तेव्हा शेवंताबाईने तोंड पदरात लपवलं, आणि मी गाडीत जाऊन बसले.

कारखाना थांबणार नाही, रशीदभाई. हे तुम्हाला प्रत्यक्ष सांगायला मिळालं नाही, म्हणून इथे लिहिते.

परत येताना चंद्रपूर ओलांडून तुमच्या शेडपर्यंत आले. काम काही नव्हतं. मंगळवार होता, गाडी तिकडे वळली इतकंच. फाटकाला कुलूप. कडुनिंबाखाली पाणपोई, पण रांजण कोरडे. गोणपाट वाळून कडक झालेलं. एक ट्रकवाला ग्लास घेऊन वाकला, आत डोकावला, आणि तसाच निघून गेला. मला वाटलं, संपलं. भरणारा गेला, पाणी गेलं. वाद मी जिंकले होते, आणि इतकं वाईट मला कशाचंच वाटलं नव्हतं.

किसना समोरून हात पुसत आला. "मॅडम, काल फुल भरले होते. परवाही होते. आज मंगळवार नं."

"म्हणजे?"

"भाईनं कवाचं वाटून देल्लं होतं. सोमवार माहा, बुधवार त्या चहावालीचा, मंग आरामशीनवाला, असे समदे. कित्येक वर्स झाले. म्हने, मॅडम म्हनते मी भरतो म्हून माहं पानी. तं आता मी एकटा भरतच नाई."

मी कडुनिंबाला हात टेकला. "पण मी तर दर वेळी त्यांनाच भरताना पाहिलं."

"तुमी मंगळवारीच येता नं. मंगळवार त्यानं कोनालेच देल्ला नाई. म्हने, मॅडम येतपर्यंत तसाही मी फाटकापाशीच उभा रायतो."

तुम्ही मला हे सांगितलं का नाहीत? माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही केव्हाच देऊन ठेवलं होतं आणि दर मंगळवारी नुसतं "आज तरी?" विचारत राहिलात. मी कधी बुधवारी आले असते तर मला कळलं असतं. मी पेट्यांच्या ढिगात हात घालून तळातली पेटी काढायची आणि तुमच्या फाटकाबाहेरचं एवढं मला दिसलं नाही. राग आला तुमचा. आणि मग दुसरंही लक्षात आलं. साऱ्या जगाला दुसरी कडी शिकवणारा माणूस, पण मंगळवारला दुसरा माणूस नेमला नाहीत! ही तपासणीत सापडलेली चूक आहे, रशीदभाई. आणि ती तुमच्याच्याने दुरुस्त व्हायची नाही आता.

मी किसनाला बादली मागितली. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम, मी भरतो, तुमाले नाई झेपनार." मी म्हटलं, नळ कुठे आहे ते दाखव. साडीचा पदर खोचला आणि भरायला लागले. गोणपाट ओलं केलं. गायीच्या टाक्यात ओतलं. हात भरून आले, पायावर पाणी सांडलं, किसना मधूनमधून "बस झालं" म्हणत राहिला. मी रांजण काठोकाठ भरेपर्यंत थांबले नाही.

"पुढचा मंगळवार?" त्याने विचारलं.

"माझा," म्हटलं. "आणि मी आले नाही तर कुणाचा, तेही आजच ठरवून टाकू." त्याने थोडा विचार केला आणि तुमच्याकडून ऐकलेलं शेवंताबाईचं नाव घेतलं. तिचा ट्रक आता दर मंगळवारी याच रस्त्याने कारखान्यात जाणार आहे.

मग मी ग्लास बुडवला. तुमच्या हिशोबाने ते रस्त्याचं पाणी होतं. माझ्या हिशोबाने ते माझं होतं, कारण भरलं मी होतं. कुठल्याही बाजूने पाहिलं तरी आता मला ते चालणार होतं. बंद फाटकाकडे तोंड करून उभी राहिले आणि सगळा ग्लास प्यायले. नुकतंच भरलेलं होतं, रशीदभाई, अजून गार व्हायचं होतं.